रंगीत पिसांतला गळ

शास्त्रपाठ : याकोब १:१३-१५; प्रेषितांची कृत्ये १७:१०-१२; योहान २१:१-१४



मोह कोठून येतो, हा प्रश्न याकोबाच्या काळी मंडळीत विचारला जात होता आणि आजही विचारला जातो. पाप घडले म्हणजे मनुष्य दुसऱ्याकडे बोट दाखवितो. कोणी परिस्थितीला दोष लावतो, कोणी शेजाऱ्याला, आणि कोणी तर ती परिस्थिती देणाऱ्या देवालाच. याकोब ही पळवाट बंद करतो. त्याचे सांगणे असे की, मोहाचे मूळ मनुष्याच्या स्वतःच्या इच्छेत आहे. तीच त्याला सुरक्षित जागेवरून बाहेर काढते, तिच्यापासून पाप होते, आणि पाप वाढीस लागले म्हणजे त्याचे फळ मरण होय.

हे सांगताना प्रेषिताने जो ग्रीक शब्द योजला आहे, त्याकडे आपण लक्ष द्यावे. मराठी शास्त्रात त्याचे भाषांतर भुलविणे असे केले आहे. मुळात तो शब्द मासे धरणाऱ्यांचा आहे, आणि आमिष लावून पकडणे हा त्याचा अर्थ. पेत्रानेही आपल्या दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, खोट्या शिक्षकांविषयी लिहिताना, हाच शब्द दोनदा वापरला आहे. आणि पेत्राचा तर धंदाच मासे धरण्याचा होता.

उरणपासून हरिहरेश्वरापर्यंत समुद्राच्या काठी राहणाऱ्या आपल्या लोकांना हा दृष्टांत समजावयास कठीण नाही. तरी त्यातील एक भेद ध्यानात ठेवावा. डोल जाळे भरती-ओहोटीच्या ओढीत बांधून ठेवतात, आणि बोंबील व जवळा पाण्याच्या जोराने त्यात शिरतात. तेथे माशाच्या इच्छेला कोणी विचारीत नाही. गळाचे तसे नव्हे. खाडीत जिताड्यासाठी जिवंत कोळंबी लावून गळ टाकला, तरी जिताडा आपले तोंड आपण उघडीपर्यंत गळाला काहीच करता येत नाही. मोहाविषयी बोलताना याकोबाने जाळ्याचा दृष्टांत न घेता गळाचा घेतला, त्याचे कारण हेच असावे.

कोळंबी निदान खरे अन्न असते. परंतु ज्यात अन्नाचा कणही नाही असेही आमिष असते. सुरमईसाठी चालत्या होडीमागे चकचकीत पत्रा किंवा रंगीत पिसे ओढतात, हे पुष्कळांना ठाऊक आहे. ह्या खोट्या आमिषाची विद्या ज्यांनी पराकाष्ठेस नेली, ते थंड देशांतील ट्राउट मासा धरणारे लोक होत. ट्राउटला थंड आणि वाहते पाणी लागते, म्हणून आपल्या कोकणच्या नद्यांत तो जगत नाही. १९०० साली स्कॉटलंडहून त्याची अंडी काश्मिरात आणून तेथे त्याची वाढ केली. पुढे निलगिरी व मुन्नार येथील डोंगरी ओढ्यांतही ट्राउट सोडले गेले. ह्याच कुळातला एक मोठा मासा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला असतो, त्याला स्टीलहेड म्हणतात. तो नदीत जन्मतो, समुद्रात जाऊन वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा नदीत येतो. आपल्या जिताड्याचा क्रम ह्याच्या अगदी उलट आहे. तो खाडीत व नदीत वाढतो आणि अंडी घालावयास समुद्राच्या तोंडाशी जातो.

स्टीलहेडसाठी जे आमिष बनवितात, त्याला माशी असे नाव आहे. परंतु तशी माशी सृष्टीत कोठेही नाही. ती हाताने बांधलेली असते. प्रथम गळ लहानशा शिकंज्यात घट्ट बसवितात. त्याच्या दांडीवर बारीक दोऱ्याचे वेढे एकास एक लागून देतात, म्हणजे पुढे जे बांधावयाचे ते घसरत नाही. वाकाजवळ तांबड्या किंवा पिवळ्या पिसांचे शेपूट बांधतात. दांडीवर नारिंगी, किरमिजी अथवा जांभळी लोकर गुंडाळून अंग भरतात, आणि त्यावरून रुपेरी जर मळसूत्रासारखी फिरवितात. मग कोंबड्याच्या मानेचे लांब पीस सभोवार गुंडाळतात. त्याचे तंतू चोहोकडे उभे राहतात आणि पाण्यात जिवंत असल्यासारखे हलतात. वर पांढऱ्या केसांचे पंख बसवितात. शेवटी दोऱ्याची गाठ मारून तिच्यावर रोगणाचा थेंब देतात. गढूळ पाण्यासाठी भडक रंग आणि नितळ पाण्यासाठी फिका, असा विवेकही बांधणारा करतो. माशाचा स्वभाव त्याने पुष्कळ दिवस पाहिलेला असतो. आपला शत्रूही आपल्याला असाच पाहून आहे. ह्या बांधणीवरून आपण चार गोष्टी शिकाव्या.

पहिली गोष्ट ही की, आमिष चांगल्या वस्तूंचेच बनते.

जुन्या रीतीच्या उंची आमिषांत डोक्याच्या दोन्ही बाजूंस एक विशेष पीस लावीत असत. ते पीस आपल्याच डोंगरांतले आहे. सह्याद्रीच्या रानात करडा रानकोंबडा राहतो. नराच्या मानेच्या पिसांवर, मेणाचा थेंब पडून वाळावा तसे, पांढरे व पिवळे चकाकणारे ठिपके असतात. गळाला लावले म्हणजे तो ठिपका पाण्यात डोळ्यासारखा दिसतो. एवढ्या ठिपक्यासाठी हे पक्षी मारून त्यांच्या मानेची कातडी परदेशी पाठवीत. १९०२ साली हिंदुस्थान सरकारने रानपक्ष्यांची पिसे बाहेर पाठविण्यास मनाई केली, १९२१ साली इंग्लंडातही पिसांच्या आयातीविरुद्ध कायदा झाला, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशात ह्या पक्ष्याला संरक्षण दिले. आता परदेशांत पाळलेल्या पक्ष्यांची पिसे ह्या कामी घेतात.

ते पीस ज्याने घडविले त्याने ते गळासाठी घडविले नव्हते. पक्ष्याच्या अंगावर असताना ते शोभा देत होते व कोणाचा घात करीत नव्हते. तेथून उपटून लोखंडाला बांधले, तेव्हा ते घाताचे साधन झाले. सैतानाची रीत अशीच आहे. त्याला एक पीसही निर्माण करता येत नाही. देवाने जे चांगले केले ते तो त्याच्या जागेवरून उपटतो आणि आपल्या गळाला बांधतो. लग्न देवाने नेमलेले आहे. पाहुण्याचा सत्कार करणे, लेकरांना शिकविणे, डोक्यावर पक्के छप्पर असावे अशी इच्छा धरणे, ह्यांत पाप नाही. म्हणूनच ह्याच इच्छांनी आपण पकडले जातो. निव्वळ वाईट वस्तूकडे आपल्यापैकी फार थोडे जण वळले असते.

दुसरी गोष्ट ही की, मासा भुकेनेच आमिषावर येतो असे नाही.

समुद्रातून नदीत परतलेला स्टीलहेड फारच थोडे खातो. तरी रंगीत आमिष डोळ्यांपुढून गेले म्हणजे तो त्यावर झडप घालतो. जाणत्यांनी ह्याची निरनिराळी कारणे सांगितली आहेत; कोणी म्हणतात त्याला राग येतो, कोणी म्हणतात जुनी सवय जागी होते. पोट मात्र त्याला तेथे नेत नाही.

आपले पुष्कळसे मोह ह्याच जातीचे आहेत. मुलीचे लग्न साधेपणाने उपासनामंदिरात होऊ शकते, आणि देवाचा आशीर्वाद त्यात काडीमात्र उणा पडत नाही. तरी मंडप, वाजंत्री आणि साऱ्या गावाला जेवण ह्यांसाठी आपण सावकाराच्या दारी जातो, किंवा हल्ली मोबाइलवर घटकाभरात मिळणारे कर्ज घेतो. लग्न एका दिवसात आटोपते. हप्ते मात्र नातवंड झाले तरी चालूच राहतात. तसेच जमिनीचे. जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून न्हावा शेव्याकडे येणारा सागरी सेतू खुला झाला, आणि उरण, पेण व अलिबाग ह्या भागांत जमिनीच्या दलालांची ये-जा वाढली. शेत पिकत असते, घर चाललेले असते. तरी इसाराच्या नोटांचे पुडके ओटीवर ठेवले की मन फिरते. पैसा मोटारीत आणि समारंभांत जातो, आणि ज्याच्या आजोबाने खारबंदिस्ती करून ती जमीन समुद्रापासून राखली, तो त्याच जमिनीवरच्या बंगल्यात रखवालदार म्हणून उभा राहतो.

परंतु खरोखर भुकेलेल्याची गोष्ट निराळी आहे, आणि तिच्याविषयी बोलताना आपण कठोर होऊ नये. आपल्या जिल्ह्यातील कातकरी बांधवांच्या वाड्यांवर पावसाळ्यात मजुरी नसते आणि चुलीवर काही नसते. त्या वेळी ठेकेदार उचल देतो. उचल घेतली की पाऊस सरल्यावर सारे कुटुंब वीटभट्टीवर जाते. हिशेबाची वही ठेकेदाराकडे असते, आणि मोसम संपला तरी कर्ज फिटले असे वहीत निघत नाही. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली आहे, आणि अशा कर्जाच्या बदल्यात कोणालाही बांधून ठेवणे गुन्हा आहे. हे उपदेशकांनी वाडीवर स्पष्ट सांगावे. उपाशी लेकरासाठी ज्या बापाने उचल घेतली, त्याला देव दयेने पाहील. त्या भुकेवर ज्याने गळ बांधला, त्याचा न्याय देव करील. आणि मंडळीला तो एक प्रश्न विचारील : हे घर उपाशी होते, तेव्हा तुमच्या कोठीत भात नव्हता काय? ज्या मंडळीने सुगीच्या दिवसांत घरटी पायली पायली धान्य बाजूला काढून पावसाळ्यासाठी ठेवले, तिच्या सभासदांवर ठेकेदाराची सत्ता तितकी कमी चालेल.

तिसरी गोष्ट ही की, आमिषाची परीक्षा करता येते.

पिसे बांधून मासा धरण्याचा सर्वांत जुना ज्ञात वृत्तांत एलियन नावाच्या ग्रंथकाराचा आहे. त्याने इसवी सन २०० च्या सुमारास लिहिले की, मासेदोनियातील एका नदीवर लोक गळाला लाल लोकर गुंडाळतात आणि कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसे तिला बांधतात. मासे त्यास अन्न समजून येतात. ती नदी बिरुया आणि थेस्सलनीका ह्या दोन शहरांच्या मधून वाहते, असेही तो सांगतो. ही दोन्ही नावे आपल्याला प्रेषितांच्या कृत्यांवरून परिचित आहेत. त्याच भागात, सुमारे दीडशे वर्षांपूर्वी, पौल व सीला रातोरात थेस्सलनीका सोडून बिरुयास आले होते.

बिरुयाच्या लोकांविषयी लूक काय सांगतो, ते पाहा. त्यांनी पौलाचे बोलणे आनंदाने ऐकले. तरी तेवढ्यावर न थांबता, तो सांगतो ते खरे आहे की नाही, हे ते दररोज शास्त्रात शोधून पाहू लागले. प्रत्यक्ष प्रेषिताची त्यांनी परीक्षा केली. पौलाने त्याचा राग मानला नाही, आणि लूकही त्यांना थोर मनाचे म्हणून वाखाणतो. जो खरे अन्न घेऊन येतो, त्याला परीक्षेचे भय नसते.

गळवाल्याला मात्र ते भय असते. म्हणून तो आमिष प्रवाहात सतत फिरते ठेवतो. ते एका जागी स्थिर राहिले आणि माशाने सावकाश फिरून पाहिले, तर पिसांखालचे लोखंड त्याच्या ध्यानात येईल. ज्या देण्यात घाई आहे, त्यात गळ आहे असे समजून चालावे. आज अंगठा उठवा, उद्या हा भाव राहणार नाही, असे जो म्हणतो, त्याला नम्रपणे सांगावे की आम्ही विचार करून आठ दिवसांनी उत्तर देऊ. साठेखत असो की कुलमुखत्यारपत्र, ते घरी आणावे. वाचता येणाऱ्या मुलाकडून किंवा मुलीकडून सगळे वाचवून घ्यावे, शिक्षकाला दाखवावे, बायकोचे मत घ्यावे, त्यावर प्रार्थना करावी. जे देणे आठ दिवसांच्या परीक्षेत टिकत नाही, ते गेल्याचे दुःख करू नये. आणि हाच नियम धर्माच्या बाबतीतही चालवावा. एखादा नवा उपदेशक गावात येऊन आजारपण आणि दारिद्र्य एका रात्रीत जाईल असे सांगू लागला व त्याबद्दल दान मागू लागला, तर बिरुयाकरांप्रमाणे शास्त्र उघडावे.

चौथी गोष्ट विशेषेकरून उपदेशक, शिक्षक आणि बायबलबायका ह्यांच्यासाठी आहे.

प्रभूने गालीलच्या समुद्राकाठी आपल्या शिष्यांना माणसे धरण्यास बोलाविले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्या दिवशी त्यांच्या हाती जाळी होती, गळ नव्हता. शिवाय लूकाने त्या जागी जो शब्द घातला आहे, त्याचा अर्थ जिवंत धरणे असा होतो. प्रभूला माणसे हवी आहेत ती जगावी म्हणून. ज्याच्या घशात काटा अडकला आहे असा मनुष्य प्रभूने धरलेला नव्हे.

आमिष दाखवून धर्म बदलवितात, असा आरोप आपल्या लोकांवर फार दिवसांपासून होत आला आहे. तो ऐकून आपण रागावतो. रागावण्याआधी आपण आपल्या देण्याची परीक्षा करू या. औषध, शाळेतील जागा, नाताळाचे कापड, नोकरीसाठी शिफारस, ह्या सर्व चांगल्या वस्तू आहेत; रानकोंबड्याच्या पिसासारख्याच चांगल्या. ज्याला औषध दिले तो मनुष्य पुढच्या रविवारी उपासनेस आला नाही, तर त्याच्या पुढच्या औषधाचे काय होते? ते तसेच चालू राहिले, तर आपण दया केली. ते थांबले, तर त्या औषधात गळ होता, आणि आरोप करणारा त्या एका बाबतीत खरे बोलला.

ह्याविषयी आपल्याच किनाऱ्यावरचे एक उदाहरण आहे. अलिबाग, रेवदंडा व त्यांच्या आसपासच्या गावांत बेने इस्राएल लोक शेकडो वर्षे राहिले. ते तेल गाळीत आणि शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन व स्कॉच मिशनऱ्यांनी त्यांच्या मुलांना शाळांतून शिकविले. जॉन विल्सन ह्यांनी १८३२ साली इब्री भाषेचे व्याकरण मराठीत छापले. ह्या मुलांनी ख्रिस्ती व्हावे अशी शिक्षकांची आशा होती, ह्यात शंका नाही. तसे फारच थोडे झाले. बहुतेकांनी त्या विद्येने आपल्या पूर्वजांचे शास्त्र पुन्हा हाती घेतले आणि ते आपल्या धर्मात अधिक दृढ झाले. मिशनच्या वार्षिक आकड्यांत हे काम कदाचित निष्फळ दिसले असेल. तरी मुले वाचावयास शिकली, आणि घेतलेल्या अक्षरांनी त्यांच्यापैकी कोणाच्या घशाला जखम झाली नाही. आपल्या हातून होणाऱ्या प्रत्येक कामाविषयी आपल्याला एवढे म्हणता यावे.

आता योहानाच्या शेवटच्या अध्यायाकडे वळा. शिष्यांनी रात्रभर जाळे टाकले होते आणि हाती काही लागले नव्हते. पहाटे प्रभू काठावर उभा होता. त्याच्या सांगण्यावरून त्यांनी उजवीकडे जाळे टाकले, आणि एकशे त्रेपन्न मोठे मासे आले. परंतु ते काठावर उतरले, तेव्हा तेथे विस्तव आधीच पेटलेला होता, त्यावर मासळी होती आणि भाकर होती. त्यांची मासळी पोहोचण्यापूर्वीच त्यांचे जेवण तयार होते. प्रभूने त्यांना जवळ बोलाविले आणि स्वतःच्या हाताने वाढले.

त्या मंडळींत पेत्र होता. थोड्याच दिवसांपूर्वी अशाच एका कोळशाच्या विस्तवाजवळ त्याने आपल्या धन्याला तीनदा नाकारले होते. प्रभूला त्याच्याकडून उत्तर हवे होते. तरी त्याने भाकरीच्या बदल्यात ते मागितले नाही. पेत्राचे जेवण झाल्यावर, त्याच्याकडे तोंड करून, त्याने उघडपणे विचारले की तुझी माझ्यावर प्रीती आहे काय. होय म्हणण्यास आणि नाही म्हणण्यासही पेत्र मोकळा होता.

बंधूंनो, बहिणींनो, जगातील रंगीत आमिषे पाहून ज्यांचे मन आज ओढ घेत आहे, त्यांनी ह्या काठाकडे पाहावे. तेथे घाई नाही, झाकलेले काही नाही, आणि जे वाढले आहे ते खरे अन्न आहे. ज्यांच्या घशात गळ आधीच रुतला आहे, त्यांनी लाजेने दूर खोल पाण्यात जाऊ नये. कारण जितके दूर जावे तितकी दोरी ताणते आणि काटा आत शिरतो. आपल्या पाळकाला सांगावे, मंडळीच्या वडिलांना सांगावे, कागद त्यांच्यापुढे ठेवावा. गळ काढताना दुखते. पण ज्या हातांवर खिळ्यांचे व्रण आहेत, ते हात तो काटा अलगद काढू शकतात.

हे प्रभू, आमच्या इच्छा तुला ठाऊक आहेत. आम्ही कशाला भुलतो ते शत्रूने जाणले आहे, परंतु तू त्याच्याही आधी आम्हांला जाणले आहेस. आम्हांला थांबून पाहण्याची बुद्धी दे. भुकेलेल्या घरी धान्य घेऊन जाण्यास आमचे पाय चालव. आम्ही जे देऊ, ते आमच्या हातून बिनगळाचे दिले जावो. आमेन.